मोडणे, ओलांडणे आणि धाब्यावर बसवणे

कायदा हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. मूळ अर्थ पाया, बैठक. गुन्हा हा फारसी, त्याचा मूळ अर्थ पाप. म्हणजे पाया आणि पाप हे दोन्ही शब्द दरबारातून आले. मोडणे मात्र आपल्या घरातले. लाकूड मोडते, लग्न मोडते, दिलेला शब्दही मोडतो. त्याच क्रियापदाने आपण कायदाही मोडतो. उल्लंघन हा संस्कृत शब्द सरकारी नोटिशीत आला की माणूस घाबरतो, पण दसऱ्याला आपण सगळे हौसेने सीमोल्लंघन करतो आणि आपट्याची पाने वाटतो. ओलांडणे तेच; कोणती रेषा ओलांडली आणि ती कोणी आखली, एवढ्यावर सन्मान की शिक्षा हे ठरते.

आपल्या जालना भागाने हे जवळून पाहिले आहे. 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. कचेरीची भाषा उर्दू. सरकारी परिपत्रकाला गश्ती म्हणत, आणि 'गश्ती निशाण 53' या नावाच्या हुकुमाने परवानगीवाचून सभा भरवणे बंद केले होते. आज आपण येथे सहज बसलो आहोत, तशी सभा भरवायची तर आधी अर्ज करायचा. 7 सप्टेंबर 1938 रोजी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली. 24 ऑक्टोबरला गोविंदराव नानल यांच्या तुकडीने सत्याग्रह सुरू केला, तीनच दिवसांनी स्वामी रामानंद तीर्थांची तुकडी निघाली. त्यांनी मोडले तरी काय? दगड मारला नाही, तिजोरी फोडली नाही. 'आम्ही या संस्थेचे आहोत' एवढे उघड सांगितले. बंदी असलेल्या संस्थेचे नाव घेणे हाच अपराध होता! सरकारला तो राज्याविरुद्धचा उपद्रव वाटला. लोकांनी त्याला सत्याग्रह म्हटले. गांधीजींच्या सल्ल्याने तो 24 डिसेंबरला थांबला.

1947 च्या लढ्यात शब्द आणखी उलटेपालटे झाले. लोकांनी शिंदीची झाडे तोडली, कारण शिंदीवर सरकारची आबकारी पोसली जात होती. सरकारी नजरेला ते नुकसान, गावाला तो जंगल सत्याग्रह. आणि गावे जाळणाऱ्यांचे नाव काय? रझाकार. त्या उर्दू शब्दाचा साधा अर्थ स्वयंसेवक! सप्टेंबर 1948 मध्ये भारतीय सैन्य रणगाडे घेऊन आत आले, 17 तारखेला निजामी राज्य नमले. त्या लष्करी मोहिमेला आपले वडीलधारे 'पोलीस ॲक्शन'च म्हणत आले. जणू चौकीतले चार शिपाई आले आणि दंगा मोडून गेले.

महाडची गोष्ट मात्र याहून वेगळी आहे आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने 1923 साली केला होता, आणि महाडच्या नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे खुले ठरवले होते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी त्या तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा त्यांनी एकही लिखित नियम मोडला नव्हता. तरी तळे 'बाटवले' अशी ओरड झाली, मार खावा लागला तोही त्यांनाच. पुस्तकात नसलेल्या कायद्याचा भंग झाला की असा शब्द लागतो. बाटवणे या गुन्ह्याला कलम नाही, पण शिक्षा तयार!

आता धाब्याकडे येऊ. आपल्या खेड्यांतले धाबे, मातीचे सपाट छप्पर, सर्वांना ठाऊक आहे. घरात नको असलेली वस्तू वर जाऊन पडते. (मिरच्या आणि पापडही तिथेच वाळतात, ते सोडा.) कायदा धाब्यावर बसवणारा तो मोडत नाही. कायदा जागेवर शाबूत असतो, फक्त वापरात नसतो. गरीब माणूस कायदा मोडतो, धाब्यावर बसवायला स्वतःचे घर लागते.

कामगारांच्या जगात हा फरक रोज दिसतो. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात बेकायदा संप आणि बेकायदा टाळेबंदी हे दोन्ही होते. टाळेबंदीला दंड हजार रुपयांपर्यंत, संपाला पन्नास. पण 'बेकायदा' हे विशेषण तुम्ही संपामागेच ऐकले असेल. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संप ठरतो. 'रजा' शब्दाचा अर्थ असा एका ओळीत बदलला.

एका कारखान्याच्या फलकावर मी दोन कागद शेजारी शेजारी पाहिले. एकात पाव तास उशिरा आलेल्या हमालाचे 'गैरवर्तन आणि शिस्तभंग'. दुसऱ्यात, पगारातून कापलेली भविष्य निर्वाह निधीची सात महिन्यांची रक्कम 'भरणा प्रलंबित'. कापलेली रक्कम न भरणे याला फौजदारी कायद्यात न्यासभंग म्हटले आहे. आम्ही निवेदनात तोच शब्द लिहिला. उत्तर आले, त्यात पैशांविषयी एक ओळ नव्हती. 'न्यासभंग हा शब्द मागे घ्यावा' एवढीच मागणी होती. पैसे जमा होईपर्यंत तो मागे घ्यायचा नाही असे कामगारांच्या सभेत ठरले. पुढे चार हप्त्यांत रक्कम भरली गेली.