नोरीचं बी कुणी शोधलं?

कोकणात समुद्री शेवाळाच्या शेतीची चर्चा हल्ली वाढली आहे. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत त्यासाठी तरतूदही आहे. तराफे, दोऱ्या, अनुदान, सगळ्यावर बोललं जातं. मला मात्र अशा वेळी जपानच्या क्यूशू बेटावरची एक गोष्ट आठवते.

तिथल्या आरिआके समुद्राकाठची कोळी कुटुंबं नोरी पिकवतात. सुशीला गुंडाळतात तो काळसर, कागदासारखा पदार्थ म्हणजे नोरी. हे शेवाळ बारीक चिरून, चटईवर पातळ पसरून, आपल्या पापडासारखं वाळवतात. जपानमध्ये पूर्वी ही शेती म्हणजे उथळ पाण्यात बांबू, फांद्या रोवायच्या आणि शेवाळ आपोआप चिकटायची वाट बघायची. चिकटलं तर पीक, नाहीतर वर्ष गेलं! म्हणून त्याला जुगाराचं गवत म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतर पीक फार बुडालं. उन्हाळ्यात नोरी गायब होते ती जाते कुठे, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

उत्तर मिळालं पार इंग्लंडात. कॅथलीन ड्र्यू-बेकर मँचेस्टर विद्यापीठात शिकवायच्या. १९२८ साली लग्न झालं आणि नोकरी गेली, कारण विवाहित बाईंना तिथे नोकरी नव्हती. तरी त्यांनी संशोधन सोडलं नाही. नोरीच्याच जातकुळीतलं शेवाळ वाढवताना त्यांना दिसलं, की त्याचे बीजाणू शिंपल्यात शिरतात आणि सूक्ष्म तंतू होऊन राहतात. हे तंतू म्हणजे वेगळीच वनस्पती, असं तोवर सगळे धरून चालले होते. १९४९ साली ‘नेचर’मध्ये त्यांचा छोटासा लेख आला.

जपानी शास्त्रज्ञांनी तो धागा पकडला. कुमामोतोचे फुसाओ ओता यांनी शिंपल्यांत बी तयार करून ते जाळ्यांवर लावायची पद्धत बसवली. कोळ्याचं पीक नशिबाच्या हातून सुटलं.

ड्र्यू-बेकर १९५७ मध्ये वारल्या. त्या जपानला कधीच गेल्या नाहीत. तरी १९६३ साली उतो गावी त्यांचं स्मारक उभं राहिलं आणि दर १४ एप्रिलला तिथे लोक जमतात.

माझं म्हणणं एवढंच. अनुदानातून दोरी येते, तराफा येतो. पण आपल्या किनाऱ्यावरचं, खाण्याजोगं शेवाळ कुठलं, त्याचं बी कधी, कसं धरतं, हे सांगणारा माणूस वर्षानुवर्षं अभ्यासाला बसवावा लागतो. त्याच्या पगाराची सोय कोण करणार, हा प्रश्न पुढच्या सभेत कुणीतरी विचारा.