काचेतला समुद्र आणि गोगलगायी

ब्रिटनमधील मत्स्यालयांत गोगलगाय प्रथम शिरली ती उपद्रवी म्हणून नव्हे, तर सफाईसाठी. लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवली असता कुजक्या पानांनी पाणी गढूळ झाले व काचेवर शेवाळ धरले. तळ्यातल्या गोगलगायी सोडताच पाणी निवळले, आणि त्यांची अंडी मासेच फस्त करीत असल्याने त्यांची प्रजा आवरण्याची चिंताही आपोआप मिटली. खाऱ्या पाण्यात हे काम किनाऱ्यावरील पेरिविंकलकडे आले; तिची रॅड्युला, म्हणजे सूक्ष्म दातांच्या ओळी असलेली फितीसारखी जीभ, काचेवरचे शेवाळ विळ्याने गवत कापावे तसे खरवडते. मात्र त्याच खडकांवरची डॉग व्हेल्क ही मांसाहारी गोगलगाय शिंपल्यांना भोक पाडून आतला जीव खाते, त्यामुळे गोळा करतानाच पारख करणे भाग होते. आजच्या प्रवाळ-टाक्यांत ही निवड अधिकच अवघड आहे, कारण गोगलगायींना मारणारे तांब्याचे क्षार प्रवाळांनाही जगू देत नाहीत. परिणामी शिंपल्यांचा रस शोषणाऱ्या पिरॅमिडेलिड कुळातल्या इवल्या गोगलगायी रात्री दिव्याच्या उजेडात हाताने वेचाव्या लागतात.