एका झटक्यात उघडला, तर गुन्हा

आजचा एपिसोड आहे घडीच्या चाकूवर. जुन्या हिंदी सिनेमात गुंड खिशातून रामपुरी काढायचा, तेव्हा पातं दिसायच्या आधी 'खट्' असा आवाज यायचा. तेवढ्या आवाजावर थिएटरला कळायचं की आता काहीतरी होणार. धार तर भाजीच्या सुरीलाही असते. भीती होती ती उघडण्याच्या पद्धतीची.

हीच भीती अमेरिकेत कायद्यात उतरली. चाकू किती सहज उघडतो, एवढ्यावर न्यूयॉर्कमध्ये माणूस गुन्हेगार ठरू शकत होता. हे का झालं ते समजायला आधी थोडं मेकॅनिक्स बघू. घाबरू नका, परीक्षा नाहीये.

सगळ्यात साधा घडीचा चाकू म्हणजे एक पातं, एक मूठ आणि दोघांना धरणारा एक खिळा. स्प्रिंग नाही, काही नाही. पातं जागेवर राहतं ते फक्त घर्षणामुळे. फ्रान्सच्या साव्हॉय भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये असाच चाकू बनवला, आणि ओपिनेल आजही विकला जातो. त्याची मूठ लाकडी. ओल लागली की लाकूड फुगतं आणि पातं आत घट्ट अडकतं. मग तिथले लोक काय करतात? मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकतात, पातं जरासं वर येतं, की ओढून काढतात. म्हणजे एकच चाकू उन्हाळ्यात मऊ उघडणार आणि पावसात रुसणार. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

दुसरा प्रकार खूप आधीचा, इंग्लंडमधल्या शेफील्डच्या कारागिरांनी नावारूपाला आणलेला. यात मुठीच्या पाठीत एक पोलादी स्प्रिंग असते आणि ती पात्याच्या बुडाला सतत दाबत राहते. पात्यावर नखासाठी खाच असते. एका हातात मूठ, दुसऱ्या हाताचं नख खाचेत, आणि ओढा. कार्ल एल्सनर यांनी १८९७ मध्ये आणलेला स्विस अधिकाऱ्यांचा लाल चाकूही याच तत्त्वावर चालतो. इथे गंमत अशी की तीच स्प्रिंग पात्याला बंदही ठेवते आणि उघडंही ठेवते. स्प्रिंग सैल केली तर चाकू सहज उघडेल, पण काम करताना तितक्याच सहज बोटांवर मिटेल. त्यामुळे नखाला थोडा त्रास, हीच बोटांची सुरक्षा.

ही अडचण सोडवली लॉकनं. पातं उघडल्यावर लॉक त्याला पकडून ठेवणार असेल, तर मग जाड स्प्रिंगची गरजच काय? १९६४ मध्ये अमेरिकेत 'बक ११०' आला आणि लॉकवाला घडीचा चाकू घरोघरी पोचला. १९८१ मध्ये स्पायडर्को कंपनीनं पात्यालाच एक गोल भोक पाडलं. अंगठा भोकात टेकवा, ढकला, एका हातानं काम झालं. पुढच्या बऱ्याच चाकूंमध्ये बंद पातं धरून ठेवायला फक्त एक बारीक छर्रा असतो, जो पात्यावरच्या छोट्या खळगीत बसतो. छर्रा खळगीतून सुटला की पातं मोकळं. खिळ्याच्या जागी स्क्रू आला, नंतर बेअरिंगही आली. चाकू लोण्यासारखे उघडू लागले.

आता या गोष्टीचा दुसरा धागा. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पॅराशूट सैनिकांना एक खास चाकू मिळायचा. झाडात अडकलात, एक हात दोरीत गुंतला, तर उरलेल्या हातानं लिव्हर दाबायचा आणि चाकू खाली धरायचा. पातं स्वतःच्या वजनानं मुठीतून घसरून बाहेर. यालाच ग्रॅव्हिटी नाइफ म्हणतात.

युद्धानंतर, १९५०च्या दशकात अमेरिकेत पोरांच्या टोळ्यांची आणि बटणाच्या चाकूंची मोठी धास्ती पसरली. सिनेमांनी त्यात तेल ओतलं. १९५८ मध्ये अमेरिकेनं बटणाच्या चाकूंच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी घातली. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यानं ग्रॅव्हिटी नाइफवर बंदी आणली. व्याख्या काय केली? जो चाकू गुरुत्वाकर्षणानं किंवा झटक्याच्या जोरानं उघडतो आणि मग लॉक होतो, तो बेकायदा.

लिहिताना ते ठीक होतं. पण नंतर आले ते मऊ उघडणारे लॉकवाले चाकू. बनवणाऱ्यांनी ते अंगठ्यानं उघडायला बनवले होते, पण मनगट जोरात झटकलं तर त्यातले पुष्कळ उघडायचे. पोलिसांची टेस्टही हीच होती: झटका देऊन बघायचं. उघडला, की अटक. शिक्षा एक वर्षापर्यंत, आणि आधीचा गुन्हा नावावर असेल तर सात वर्षांपर्यंत. हेच चाकू दुकानात उघडपणे मिळत होते. इलेक्ट्रिशियन, सुतार, नाटकाचा सेट लावणारे, स्वयंपाकी असे लोक पकडले जात होते. त्यात कृष्णवर्णीय आणि लॅटिनो लोकांचं प्रमाण खूप मोठं होतं.

आता माझ्यातला इंजिनिअर बोलतो. आमच्याकडे एखादी टेस्ट कोडची एक ओळही न बदलता कधी पास, कधी फेल होत असेल, तर तिला आम्ही 'फ्लेकी' म्हणतो आणि तिच्या भरवशावर काहीही ठरवत नाही. मनगटाची टेस्ट तशीच होती. तेल घातलं, निकाल बदलला. स्क्रू पाव फेरा सैल झाला, निकाल बदलला. दोन वर्षं वापरून खळगी झिजली, निकाल बदलला. माणूस बदलला, तरी निकाल बदलला. ओपिनेलची पावसातली मूठ आठवतेय ना? उघडणं हा एकट्या चाकूचा गुण नाहीच. तो चाकू, त्याचं वय आणि तो धरणारा हात, या तिघांचा मिळून असतो. मग विकत घेताना साध्या माणसानं ओळखायचं कसं, की आपल्या खिशात हत्यार आहे की अवजार?

हाच प्रश्न कोर्टात गेला. २०१८ मध्ये अपील कोर्टानं एका खटल्यात कायदा उचलून धरला. मार्च २०१९ मध्ये एका स्वयंपाक्याच्या खटल्यात मात्र फेडरल न्यायाधीशांनी सांगितलं की त्याच्या बाबतीत हा कायदा अतिशय संदिग्ध आहे. त्याचा चाकू पोलिसांकडूनही पहिल्या झटक्यात उघडला नव्हता! विधिमंडळानं बंदी उठवण्याचं बिल याआधी दोनदा मंजूर केलं होतं, आणि गव्हर्नरनी दोन्ही वेळा व्हेटो वापरला होता. शेवटी ३० मे २०१९ रोजी बंदी उठली.

म्हणजे न्यूयॉर्कमध्ये आता सगळं चालतं का? नाही. बटणाच्या चाकूवर बंदी राहिली. शहरात ४ इंच किंवा त्याहून लांब पातं घेऊन फिरायलाही मनाई राहिली. हे नियम पटोत न पटोत, पण बटण एकतर असतं किंवा नसतं, आणि पट्टी कुणीही लावली तरी ४ इंच ते ४ इंचच. आपण नियमात आहोत की नाही, हे घरातून निघण्याआधी माणसाला कळतं. शिडीवर चढून एका हातानं वायर धरलेल्या इलेक्ट्रिशियनला एवढं कळलं तरी पुरे.

आजच्यापुरतं इतकंच. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!