कंत्राटी शासकीय कर्मचारी व सल्लागार : वेतनाचे नियम

कायम आस्थापनेबाहेरच्या माणसांकडून सरकार जे काम करून घेते, त्याचा मोबदला ठरवणारे कायदे, शासन निर्णय आणि न्यायनिवाडे या नोंदीत येतात. भारतात अशी माणसे तीन वाटांनी येतात : थेट करारावर, ठेकेदार एजन्सीमार्फत किंवा सल्लागार म्हणून. काम तेच असले तरी महिनाअखेरीस हाती काय पडणार, हे बरेचदा या वाटेवरच ठरते.

एजन्सीची वाट सर्वांत खडतर. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने पगाराची पहिली जबाबदारी ठेकेदारावर टाकली. त्याने तो थकवला तर मूळ मालकाने, म्हणजे सरकारी कार्यालयानेच, द्यायचा आणि ठेकेदाराकडून वसूल करायचा. पगारवाटपाला मालकाचा प्रतिनिधी हजर हवा, अशीही अट होती. 1971 च्या केंद्रीय नियमांतील 25 व्या नियमाने कायम कामगारासारखेच काम करणाऱ्याला त्याच्याइतकेच वेतन देण्याचे बंधन घातले. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा नव्या श्रमसंहितेत विलीन झाला. मूळ मालकाची जबाबदारी तिथेही टिकून आहे.

एजन्सीचे बिल वाचले की अडचण कळते. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि राज्य विम्याचा मालकाचा वाटा, त्यावर एजन्सीचे सेवाशुल्क, वर बहुधा 18 टक्के जीएसटी. कामगाराला मिळते ते किमान वेतन, तेही निधीचे 12 टक्के कापून. कंत्राटाने सरकारचा पैसा वाचतो, हा दावा म्हणूनच प्रत्येक निविदेत तपासला पाहिजे.

मुंबईच्या सफाई कामगारांनी तो तपासायला लावला. कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या लढ्यात औद्योगिक न्यायाधिकरणाने महापालिकेची कंत्राटे निव्वळ दिखाऊ ठरवली. एप्रिल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 2,700 कामगारांना कायम करण्याचा तो आदेश उचलून धरला.

थेट करारावरच्यांसाठी दोन निकाल महत्त्वाचे. उमादेवी खटल्यात (2006) घटनापीठाने सांगितले की, रीतसर भरतीशिवाय आलेल्याला कायम होण्याचा हक्क नाही. जगजितसिंग खटल्यात (2016) न्या. खेहर आणि नागपूरचे न्या. शरद बोबडे यांनी, काम समान असेल तर तात्पुरत्या कर्मचाऱ्यालाही नियमित वेतनश्रेणीचे किमान वेतन दिलेच पाहिजे, असा निर्णय दिला. भत्ते मात्र त्यात नाहीत.

महाराष्ट्रातील शिक्षणसेवक पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनावर काढतात. प्राथमिक शाळेत ते कित्येक वर्षे दरमहा 6,000 रुपयेच होते. जानेवारी 2023 पासून 16,000 झाले. माध्यमिकला 18,000 आणि उच्च माध्यमिकला 20,000. वर्ग सांभाळायचा तो पूर्णवेळ शिक्षकासारखाच, त्यामुळे ही वाढ फार उशिरा आली असेच म्हणावे लागते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नऊ एजन्सींमार्फत भरती करण्याचा शासन निर्णय निघाला. तरुणांचा रोष उसळला आणि ऑक्टोबरमध्ये सरकारने तो मागे घेतला.

सल्लागारांचा हिशेब निराळा. संस्था निवडताना केंद्राचे सामान्य वित्तीय नियम (2017) गुणवत्ता आणि किंमत दोन्ही तोलतात. गुणवत्तेचे वजन 80 टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. निवृत्त केंद्रीय कर्मचारी करारावर परतला, तर डिसेंबर 2020 च्या आदेशानुसार निवृत्तीवेळच्या वेतनातून मूळ निवृत्तिवेतन वजा करून मानधन ठरते. करार संपेपर्यंत ते वाढत नाही. वार्षिक वेतनवाढही नाही. महिन्याला दीड दिवस भरपगारी रजा मिळते, पण ती पुढच्या वर्षात नेता येत नाही.