आई एकवीरेची दर्यावरची लेकरे

सह्याद्रीच्या कुशीतील मावळ प्रांत भाताचा, गडकोटांचा व लेण्यांचा. येथील शेतातून समुद्र दिसत नाही. तथापि कार्ल्याच्या डोंगरावर, वेहेरगावी वसलेल्या आई एकवीरेने या प्रांताचे नाते थेट दर्याशी जोडून ठेविले आहे. मुंबई, ठाणे, पालघर व रायगड किनाऱ्यावरील असंख्य कोळी व आगरी घराण्यांची ती कुलस्वामिनी होय. चैत्र शुद्ध सप्तमीस देवीची पालखी निघते, तेव्हा अवघा किनारा घाट चढून मावळात येतो.

किनाऱ्याचे हे ऋण फार जुने आहे. देवीच्या मंदिरालगतचे कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लोकांच्या दानातून उभे राहिले. खांबांवर दात्यांची नावे कोरलेली असून त्यांत सोपारा या बंदराचाही उल्लेख आढळतो. सन 1863 मध्ये बोरघाटातून आगगाडी सुरू झाली व कोळी बांधवांना मळवली, लोणावळ्यापर्यंतचा प्रवास सुलभ झाला.

देवीप्रमाणेच मावळच्या चुलीनेही हे नाते जपले. मृग लागण्यापूर्वी आगोटीची बेगमी करताना मिठामिरचीबरोबर सुकटही घरात येई. आवणीच्या दिवसांत चिखलातून दमून आलेल्या माणसाला भाकरी आणि सुका जवळा हाच आधार असे.

हा जवळा म्हणजे कोळंबीच्याच जातकुळीतला इवलासा जीव. तो मुख्यत्वे डोल जाळ्यात सापडतो. समुद्रात खुंट रोवून पिशवीसारखे हे लांब जाळे प्रवाहाच्या तोंडाशी बांधतात. भरती-ओहोटीचे पाणी जाळ्यातून वाहते, मासळी शेवटच्या खोळीत साठते व प्रवाह मंदावला की जाळे उपसतात. उधाणाला पाण्यास जोर असतो म्हणून मासळी अधिक, भांगेला कमी. वर्सोवा, उत्तन, वसई, अर्नाळा येथील कोळीवाड्यांची ही पिढीजात विद्या होय.

होडी किनाऱ्यास लागली की कोळणीचे काम सुरू होते. कोळंबी, करंदी, जवळा निवडणे, खळ्यावर सुकविणे, सोडे करणे, पाटी घेऊन बाजार गाठणे व पैशाचा हिशेब राखणे, हा भार प्रामुख्याने तीच वाहते. उन्हात जवळा वाळत असता अवकाळी पाऊस आला, तर साऱ्या घराची मेहनत वाया जाते.

गेल्या काही दशकांत या कुटुंबांवर कठीण काळ आला आहे. यांत्रिक ट्रॉलर तळ खरवडून मासळी नेऊ लागले. खाड्यांत कारखान्यांचे व शहरांचे सांडपाणी आले. लहान मच्छीमारांच्या रक्षणार्थ महाराष्ट्रात सन 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. सन 2021 मध्ये दुरुस्ती करून दंड वाढविण्यात आला. कायदा कागदावर असला तरी दर्यावर त्याची अंमलबजावणी व्हावी, ही कोळीवाड्यांची मागणी कायम आहे. डोलीच्या खोळीचे आसही बारीक असल्याने पिल्ले सापडतात, हे खरे. म्हणून शिस्त सर्वांनीच पाळावयास हवी. पावसाळ्यात मासळीच्या विणीचा काळ असतो. त्या वेळी होड्या किनाऱ्यावर थांबतात व नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण होतो, त्यामागे हेच शहाणपण आहे.

आज बाजारात तळ्यात खाद्य घालून वाढविलेली कोळंबी मुबलक मिळते. तिचा भाव ठरलेला, आकार एकसारखा. तिच्यापुढे दर्यातली कोळंबी विकणारी कोळीण मागे पडते. अशा वेळी गिऱ्हाइकाने दोन प्रश्न विचारावेत: ही मासळी कोठली, आणि कोणी धरली? आगोटीचा जवळा तिच्याच पाटीतून घ्यावा व घासाघीस करताना खळ्यावरचे तिचे ऊन आठवावे.

जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी देणगीदारांची नावे कृतज्ञतेने नोंदविली जातील. पण ज्या हातांनी पिढ्यान् पिढ्या आईच्या पायऱ्या चढून नवस फेडले, ते हात रिकामे राहिले तर दगडी कळसाची शोभा अपुरीच ठरेल. डोंगरावर आईचे देऊळ नांदावे आणि दर्यावर तिच्या लेकरांची चूल पेटती राहावी, हीच तिच्या चरणी प्रार्थना.