मेणाच्या पायाची कुळकथा

वांद्र्याच्या मोत माउलीच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, चर्चबाहेर मेणबत्त्यांच्या दुकानांत मेणाचे अवयवही मिळतात. हात, पाय, डोकं. शिवाय बाळ, घर, मोटार, विमान. साच्यात मेण ओतून काढलेली ही कामं फार नाजूक नसतात. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे पोटरीवर बारीक शिवण उमटलेली दिसते, पायाची बोटं एकमेकांना चिकटलेली असतात. गुडघेदुखीने बेजार झालेला माणूस पाय घेतो, मूल नसलेलं जोडपं बाळ घेतं, भाड्याच्या खोलीत दिवस काढणारं कुटुंब घर घेतं. घेणाऱ्यांत ख्रिस्ती असतात तसे हिंदूही असतात, आणि नवसाला पाळणा वाहणाऱ्या महाराष्ट्राला मेणाचं बाळ परकं वाटण्याचं कारणही नाही.

पोर्तुगालमध्ये फातिमाच्या तीर्थक्षेत्री आजही असेच मेणाचे अवयव विकायला असतात. तेव्हा ही चाल पोर्तुगीजांबरोबर इकडे आली असावी, असं मानायला जागा आहे. पण पोर्तुगीज हे या पायाचे जन्मदाते नव्हेत. तो ख्रिस्ताच्याही आधीचा आहे.

ग्रीकांचा वैद्यदेव अस्क्लेपियस. त्याच्या कोरिंथमधल्या देवळाच्या उत्खननात भाजक्या मातीचे हात, पाय, कान, डोळे, स्तन यांचा ढीग सापडला. रोममध्ये तिबर नदीतल्या बेटावर याच देवाचं देऊळ होतं. नदीच्या गाळातून तिथेही असेच मातीचे अवयव निघाले. रोमन भाविक पुष्कळदा दगडावर कोरून ठेवत, की अमक्याने बोललेला नवस राजीखुशीने फेडला. म्हणजे व्यवहार चोख होता: आधी गुण, मग मोबदला. देवाने आपलं काम केलं नाही, तर माणसाचं देणं लागत नाही.

बायबलच्या जुन्या करारातही या पायाचं एक चुलतभावंड भेटतं. पलिष्टी या शत्रूंनी इस्राएलांचा कराराचा कोश, म्हणजे त्यांची पवित्र पेटी, पळवून नेला आणि त्यांच्यात गाठींची साथ पसरली. तेव्हा त्यांच्या पुजाऱ्यांनी सल्ला दिला, की कोश परत पाठवा आणि सोबत सोन्याच्या पाच गाठी आणि सोन्याचे पाच उंदीर द्या. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात ही हकिकत आहे. हा उपाय इस्राएलांच्या कुणा याजकाने सुचवलेला नाही, परक्यांच्या पुजाऱ्यांनी सुचवलेला आहे, हे विसरू नये.

ख्रिस्ती धर्म रोमन साम्राज्यात पसरला. देवळं ओस पडली, पण गुडघे दुखायचे थांबले नाहीत. पाचव्या शतकात सीरियातला बिशप थिओडोरेट मोठ्या अभिमानाने लिहितो, की आमच्या हुतात्म्यांच्या समाध्यांवर लोक डोळ्यांच्या, पायांच्या, हातांच्या प्रतिमा वाहतात. कुणी सोन्याच्या, कुणी लाकडाच्या. त्याला ही खऱ्या धर्माच्या विजयाची खूण वाटते. मला त्यात पत्ता बदललेला जुनाच रिवाज दिसतो.

सगळ्यांनाच तो पसंत होता असं नाही. सहाव्या शतकात गॅलस नावाचा एक धर्मसेवक कोलोनला गेला. तिथल्या एका जुन्या देवळात लोक ज्या अवयवाला दुखणं असेल तो लाकडात कोरून ठेवत. गॅलसने देवळालाच आग लावली. चिडलेले लोक तलवारी उपसून मागे लागले, तेव्हा तो राजाच्या वाड्यात शिरला आणि राजाने गोड बोलून जमावाला परत पाठवलं. ही हकिकत त्याचाच पुतण्या, तूरचा बिशप ग्रेगरी, याने लिहून ठेवली आहे. त्याच शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधल्या ओसेर इथल्या धर्मसभेने लाकडाचे पाय आणि माणसं घडवायला सरळ मनाई केली. नियमात पायाचा उल्लेख नाव घेऊन आहे. एवढी ठळक मनाई, म्हणजे पाय जोरात खपत असणार.

मनाईचा उपयोग झाला नाही. लाकडाचा पाय मेणाचा झाला आणि चर्चमध्येच राहिला. मेणाला चर्चमध्ये आधीपासून मान होता. पूजाविधीला मधमाश्यांच्या मेणाच्या मेणबत्त्या लागत आणि ते मेण महाग असे. वाहिलेला पाय वितळवला की त्याच्या मेणबत्त्या होत. मध्ययुगात काही भाविक आजाऱ्याच्या वजनाइतकं मेण देत, काही त्याच्या उंचीची मेणबत्ती देत. भक्ताला नवस फेडल्याचं समाधान, चर्चला उजेड. अशी दोन्हीकडून सोय असलेली प्रथा कोण बंद करणार?

वितळवण्याच्या या रिवाजामुळेच जुने मेणाचे अवयव फारसे उरलेले नाहीत. इंग्लंडमधल्या एक्सेटर इथल्या कॅथेड्रलमध्ये मात्र ते सापडले. 1942 च्या बॉम्बहल्ल्यात इमारतीचं नुकसान झालं आणि दुसऱ्या वर्षी दुरुस्ती चालू असताना बिशप एडमंड लेसीच्या समाधीच्या वरच्या बाजूला मेणाचे तुकडे मिळाले: माणसांची बोटं, हात-पाय, आणि जनावरांचेही अवयव. लेसी वारला 1455 मध्ये. त्यांतला एखादा अवयव लंगड्या घोड्यासाठी देवाकडे आलेल्या शेतकऱ्याचा असेल, आणि तो शेतकरी मला या सगळ्या कथेत फार जवळचा वाटतो.

श्रीमंतांची तऱ्हा वेगळी. फ्लोरेन्समध्ये 1478 साली शहराची सत्ता हाती असलेल्या लोरेंझो द मेदिचीवर चर्चमध्येच खुनी हल्ला झाला, त्यात भाऊ मारला गेला आणि तो वाचला. मग त्याच्या पूर्णाकृती मेणाच्या प्रतिमा करवून चर्चमध्ये ठेवल्या गेल्या. वेरोक्योसारख्या शिल्पकाराची त्या कामी मदत झाली. एका प्रतिमेला हल्ल्याच्या वेळचेच कपडे घातले होते. यात आभार किती आणि शहराला दिलेला इशारा किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

या सगळ्या व्यवहारावर नेमकं बोट ठेवलं ते विद्वान लेखक इरॅस्मसने. तो स्वतः कॅथलिक, धर्मगुरूची दीक्षा घेतलेला. 1523 मध्ये त्याने जहाज फुटण्याची एक संवादकथा लिहिली. वादळात जो तो नवस बोलत सुटतो. एक जण पॅरिसच्या मोठ्या चर्चमधल्या संत क्रिस्तोफरला त्याच्या प्रचंड पुतळ्याएवढी मेणबत्ती कबूल करतो. शेजारचा त्याला ढोसतो, की बाबा, सगळं विकलंस तरी एवढं मेण येणार नाही. तो हळूच, संताला ऐकू जाऊ नये अशा बेताने, म्हणतो की गप बस, एकदा जमिनीला पाय लागू दे, चरबीची मेणबत्तीसुद्धा देत नाही!

हसून पुढे जाऊ नये, कारण त्याच जहाजावर आणखी दोघं आहेत. कथा सांगणारा माणूस कुठल्याच संताला गाठत नाही. तो थेट स्वर्गातल्या पित्याची प्रार्थना म्हणतो. आणि एक बाई आहे, अंगावर पिणारं मूल घेतलेली. ती ओरडत नाही, रडत नाही, कसलंही वचन देत नाही. मुलाला घट्ट धरून हळू आवाजात प्रार्थना करते. इरॅस्मसने किनाऱ्याला सगळ्यांच्या आधी तिला पोचवलं आहे. कथेपुरतं ते ठीक. खऱ्या समुद्रात अशी बाई बुडतेही, आणि भरवशाची परीक्षा तिथेच होते. येशूने स्वतः गेथशेमाने बागेत आपल्यावर येणारं दुःख टळावं म्हणून विनवणी केली होती. ते टळलं नाही. तरी त्याने मागतानाच शेवटचा शब्द पित्यावर सोपवला होता. ख्रिस्ती माणसाला मागायची बंदी कधीच नव्हती. नकार ऐकायची तयारी मात्र लागते, आणि नवसाच्या हिशेबात नकाराचा रकानाच नाही.

सोळाव्या शतकातल्या ख्रिस्ती सुधारणावाद्यांनी नवसावर कोरडे ओढले खरे, पण त्यांचा म्होरक्या मार्टिन ल्यूथर मठात गेला होता तो नवसापोटीच. 1505 च्या जुलैत वादळात जवळच वीज कोसळली आणि घाबरून त्याने संत अ‍ॅनला संन्यासी होण्याचं वचन दिलं. त्याने ते पाळलंही! कॅथलिक चर्चनेही 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेत संतपूजेतला अंधविश्वास आणि पैशाचा हव्यास काढून टाकण्याचा ठराव केला. संतांची मध्यस्थी राहिली, तसा मेणाचा पायही राहिला.

आता पुन्हा वांद्र्याकडे. मोत माउलीची मूर्ती जेझुइट धर्मगुरूंनी आणली. 1700 च्या सुमारास चाच्यांनी तिचा उजवा हात तोडला, असं चर्चचा इतिहास सांगतो. म्हणजे लोक मेणाचे हात घेऊन जातात ती माउली स्वतः हात गमावलेली. पुढे मराठ्यांच्या वसई मोहिमेच्या धामधुमीत तिथलं चॅपल गेलं. गंमत अशी, की त्याच मोहिमेत चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलून तो देऊळ बांधून फेडला, अशी आख्यायिका आहे. वांद्र्याचं चॅपल 1760 च्या सुमारास पुन्हा उभं राहिलं आणि आजची इमारत 1904 मध्ये पूर्ण झाली.

एक फरक मात्र मला महत्त्वाचा वाटतो. रोमन माणूस अवयव वाहायचा तो बहुधा गुण आल्यावर. वांद्र्याला बरेच जण पाय वाहतात तो गुण यावा म्हणून. नंतर वाहिलेला पाय म्हणजे पोचपावती. आधी वाहिलेला म्हणजे अर्ज, आणि काहींच्या मनात तर आगाऊ रक्कम. साचा एकच, मेण एकच. वाहणाऱ्याच्या मनात काय आहे, ते चर्चच्या दारात उभं राहून कुणाला कळणार? म्हणून ही दुकानं उठवा म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी नाही. ओसेरच्या मनाईचं काय झालं ते आपण पाहिलंच. पण दवाखान्याची वाट सोडून नुसता मेणाचा पाय वाहायला निघालेलं कुणी ओळखीत असेल, किंवा पाय वाहूनही गुण आला नाही म्हणून ‘तुझीच श्रद्धा कमी पडली’ असं त्याला कुणी ऐकवत असेल, तर तिथे मध्ये पडा. मोत माउलीच्या सप्टेंबरच्या जत्रेत पाय खुशाल वाहा, पण आधी डॉक्टरांना दाखवून या.