बार्मेनचे सहा नकार

मी कामाने आयटी सल्लागार. आमच्याकडे करार लिहिताना काय करणार हे लिहितातच, पण काय करणार नाही हेही लिहावं लागतं. हा दुसरा भाग राहिला की पुढे भांडण ठरलेलं. आज अशाच एका कागदाची गोष्ट सांगतो. तो १९३४ साली जर्मनीतल्या ख्रिस्ती लोकांनी लिहिला.

३० जानेवारी १९३३ ला हिटलर चॅन्सेलर झाला. प्रोटेस्टंट चर्चमध्ये तेव्हा 'जर्मन ख्रिश्चन' नावाची चळवळ जोरात होती. देव बायबलमधून बोलतो तसाच जर्मन वंशातून आणि आता या नेत्यातूनही बोलतो, असं त्यांचं म्हणणं. जुलैमध्ये चर्चच्या निवडणुका झाल्या. आदल्या रात्री हिटलरने रेडिओवरून पाठिंबा दिला आणि या गटाने त्या जिंकल्या. सप्टेंबरमध्ये प्रशियाच्या चर्चने ठराव केला, की ज्यू वंशाचे किंवा ज्यू वंशाच्या व्यक्तीशी लग्न केलेले लोक पाळक होऊ शकणार नाहीत. बाप्तिस्मा झालेला असला तरीही! नोव्हेंबरमध्ये बर्लिनच्या एका प्रचंड सभेत तर बायबलमधला जुना करारच काढून टाका, अशी मागणी झाली.

हे संकट बाहेरून आलेलं नव्हतं, हे लक्षात घ्या. क्रूस तोच, गाणी तीच, उपदेश करणारे पाळकही ओळखीचे. म्हणून तर ते ओळखणं अवघड होतं.

पाळक मार्टिन नीमोलर यांनी विरोध करणाऱ्या पाळकांना एकत्र आणलं. पुढे २९ ते ३१ मे १९३४ या तीन दिवसांत वुपरटाल शहरातल्या बार्मेन भागात १३९ प्रतिनिधी जमले. लुथरन, रिफॉर्म्ड आणि संयुक्त, असे शतकानुशतकांचे मतभेद असलेले पंथ एका छताखाली आले. मसुदा मुख्यतः स्विस धर्मपंडित कार्ल बार्थ यांचा. ते नंतर गमतीने सांगत, की दोघे लुथरन सहकारी वामकुक्षी घेत होते तेव्हा आपण कडक कॉफी आणि सिगारच्या जोरावर तो लिहून काढला.

त्यात सहा कलमं होती. प्रत्येकात आधी बायबलचं वचन, मग आम्ही काय मानतो ते, आणि शेवटी कोणती शिकवण खोटी म्हणून नाकारतो ते. पहिल्याच कलमाचा आशय असा, की देवाचा शब्द म्हणजे ख्रिस्त, त्याच्या शेजारी दुसरी कुठली सत्ता किंवा व्यक्ती बसवता येणार नाही. हिटलरचं नाव कुठेच नाही, पण रोख कुणाकडे आहे हे सगळ्यांना कळलं.

याची किंमत मोजावी लागली. हिटलरशी बिनशर्त निष्ठेची शपथ नाकारणाऱ्या बार्थना १९३५ मध्ये बॉन विद्यापीठ सोडावं लागलं. नीमोलरना १९३७ मध्ये अटक झाली, ते १९४५ पर्यंत कैदेत होते. त्या काळात आपल्या लंडनमध्ये दोन जर्मन चर्चचे पाळक असलेले डीट्रिश बोनहॉफर हे याच बाजूचे. त्यांना ९ एप्रिल १९४५ ला फाशी दिली. वेस्टमिन्स्टर ॲबीच्या पश्चिम दारावर त्यांचा पुतळा आहे. मुलांना घेऊन गेलात तर मान वर करून जरूर बघा.

पण गोष्ट इथे संपत नाही. बार्मेनच्या कागदात ज्यूंवर होणाऱ्या अन्यायाबद्दल एक ओळही नाही. आपल्या धर्मात काय खपवून घेणार नाही हे त्यांनी स्वच्छ लिहिलं, पण शेजाऱ्याचं काय, हे राहून गेलं. बोनहॉफरनी त्याआधी वर्षभर सांगितलं होतं, की सरकार ज्यांना चिरडतं त्यांना चर्चने मदत करावी, मग ते ख्रिस्ती असोत वा नसोत. आपण तेव्हा हा प्रश्न मध्यभागी आणायला हवा होता, ही चूक बार्थनी १९६७ मध्ये एका पत्रात स्वतः कबूल केली.

परक्या माणसाला 'हे खोटं आहे' म्हणणं सोपं असतं. आपल्याच मंडळात, देवळात, चर्चमध्ये किंवा घरच्या जेवणाच्या टेबलावर ते म्हणायला धीर लागतो. तशी वेळ आली तर बार्मेनसारखं स्पष्ट म्हणा. आणि म्हणून झालं की आपलाच कागद पुन्हा एकदा वाचा, त्यात कुणाचं नाव राहिलं ते बघा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.